कोणत्या टीवरून खेळायचं, हे दुसरा शॉट ठरवतो

तुमचा गोल्फचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ५४, हँडिकॅप इंडेक्स (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा, कमी तेवढा चांगला) १८, ड्राइव्ह, म्हणजे होलचा पहिला लांब फटका, 'साधारण २२० यार्ड'. शनिवारचा ठरलेला फोरबॉल, म्हणजे चौघांचा गट, पांढऱ्या टीवरून (टी म्हणजे होल सुरू करायची, रंगीत मार्करनी दाखवलेली जागा) खेळतो आणि तिथून कोर्स ६,३०० यार्डांचा भरतो. स्कोअर ९० च्या खाली क्वचितच येतो. मग पुढच्या टीवर जावं का? गेलं तर हँडिकॅपचं काय होईल? मित्र 'लेडीज टी' म्हणून चिडवतात, त्यांना काय सांगायचं? आणि पत्नी नुकतीच शिकायला लागली आहे, तिनं लाल टीवरून सुरुवात केली की झालं ना?

पहिल्याचं उत्तर: हो, जा. या शनिवारीच जा. किती पुढे जायचं हे मात्र तुमच्या वयावर ठरत नाही, हँडिकॅपवरही नाही, आणि टीच्या रंगावर तर नाहीच. एका क्लबचा निळा दुसऱ्या क्लबच्या पांढऱ्याएवढा असतो. मी पुण्यात बरीच वर्षं शिकवतोय. नवीन माणूस आला की त्याला मी एवढंच विचारतो, पार-फोरवर, म्हणजे चार फटक्यांत संपवायच्या होलवर, चांगला ड्राइव्ह मारल्यानंतर दुसऱ्या शॉटला हातात कोणता क्लब, म्हणजे कोणती स्टिक, येते? सात-आठ नंबरचं आयर्न, म्हणजे मध्यम-छोट्या अंतराचा क्लब, येत असेल तर टी बरोबर आहे. बहुतेक होलवर थ्री-वूड नाहीतर हायब्रिड, म्हणजे लांब मारायचा क्लबच येत असेल तर तुम्ही चुकीच्या टीवर उभे आहात, मग हँडिकॅप १० असो की २८.

पण आधी तुमच्या २२० कडे बघू. राग मानू नका, पण कोणालाही ड्राइव्ह किती जातो असं विचारलं की तो आयुष्यातला सर्वांत लांब ड्राइव्ह सांगतो. तो बहुतेक वेळा मे महिन्यातला असतो, उताराच्या होलवरचा, वारा पाठीमागून असतानाचा. आपल्याकडे उन्हाळ्यात फेअरवे, म्हणजे होलमधले कापलेल्या गवताचे पट्टे, इतके कडक होतात की चेंडू पडल्यावर पुढे तीस-चाळीस यार्ड पळत जातो. तोच ड्राइव्ह जुलैत चिखलात रुततो आणि पडला तिथेच सापडतो. म्हणून अंतराचे दोन आकडे माहीत हवेत. एक, चेंडू हवेत किती जातो, म्हणजे कॅरी. दुसरा, घरंगळून थांबेपर्यंत एकूण किती.

मोजायची पद्धत साधी आहे. सपाट होल निवडा, वारा पडलेला असू द्या आणि संध्याकाळी कोर्स रिकामा झाला की दहा चेंडू मारा. सर्वांत लांबचे दोन आणि सर्वांत वाईट दोन बाजूला काढा, उरलेल्या सहांची सरासरी घ्या. रेंजफाइंडर असेल तर उत्तम, नसेल तर फोनवरचं जीपीएसचं ॲपही चालेल. ड्रायव्हिंग रेंजवर मात्र मोजू नका. तिथले चेंडू झिजलेले असतात आणि नवीन चेंडूपेक्षा कमी जातात, शिवाय तिथे फेअरवेची कड नसते, त्यामुळे माणूस मोकळ्या हातानं मारतो. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, त्याचा फायदा दोनशे यार्डांच्या ड्राइव्हला चार-पाच यार्डांचा होतो. मुंबईत खेळताना तेवढे वजा धरा. माझा अंदाज सांगतो: तुमचे २२० मोजल्यावर २०० निघतील. पुढचा सगळा हिशोब मी २०० धरूनच करतो.

आता पांढऱ्या टीवरचं ३९० यार्डांचं पार-फोर घ्या. असं एखादं होल तुमच्या कोर्सवर असणारच. ड्राइव्ह चांगला बसला, मधोमध २०० यार्ड. उरले १९०. तुमचं थ्री-वूड जमिनीवरून, तेही चांगलं लागलं तर, १७५ जातं. म्हणजे दोन उत्तम फटक्यांनंतरही तुम्ही ग्रीनच्या (भोक असलेल्या हिरवळीच्या) अलीकडे पंधरा यार्डांवर. चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका), दोन पट (ग्रीनवर घरंगळवलेले फटके), म्हणजे बोगी, पारपेक्षा एक जास्त. जरासं चुकलं की डबल. आता तेच होल ३३० वरून खेळा. ड्राइव्ह तोच, उरले १३०. हातात आठ नंबर. ग्रीनवर चेंडू थांबवायची खरी संधी आहे, आणि चुकलात तरी ग्रीनच्या आसपासच चुकता.

आपल्याकडे कॅडी, म्हणजे बॅग घेऊन सोबत चालणारे मदतनीस, असतात हे आपलं भाग्य. परदेशातल्या सामान्य गोल्फरला हे सुख नाही. माझ्याकडे येणारे एक निवृत्त बँक अधिकारी आहेत, वय ६६, फटका सरळ पण छोटा. त्यांच्याबरोबर एकदा राउंडला गेलो. त्यांचा ड्राइव्ह अजून हवेत होता आणि त्यांचा कॅडी थ्री-वूडचं कव्हर काढून बगलेत मारत होता. पुढच्या होलवर तेच, त्याच्या पुढच्या होलवरही तेच. पहिल्या नऊ होलमध्ये दोन पार-थ्री सोडून ते कव्हर बॅगेवर परत गेलंच नाही. मी कॅडीला बाजूला विचारलं, साहेबांची सात-आठ-नऊ आयर्न कधी बाहेर निघतात? तो म्हणाला, "पुसायला काढतो की दर आठवड्याला." तुमच्या टीबद्दल खरं उत्तर हवं असेल तर तुमच्या कॅडीला विचारा, आणि विचारताना मित्र जवळ नसतील एवढं बघा, म्हणजे तो मोकळेपणानं सांगेल.

लांब क्लबनं ग्रीनवर जाणं नुसतं अवघड असतं असं नाही, कोर्स त्यासाठी बांधलेलाच नसतो. कोर्स आखणारा माणूस ३९० यार्डांच्या होलचं ग्रीन आखताना असं धरून चालतो की खेळाडू छोट्या किंवा मधल्या आयर्ननं उंचावरून चेंडू टाकेल. म्हणून पुढच्या बाजूला बंकर (वाळूचे खड्डे), ग्रीनची खोली कमी, मागे उतार. आठ नंबरचा चेंडू तीव्र कोनात उतरतो आणि दोन उड्यांत थांबतो. थ्री-वूडचा चेंडू पसरट येतो. बंकर चुकवून ग्रीनवर पडलाच तर पलीकडच्या झाडीत जाऊन बसतो. मार्च ते मे आपली ग्रीन्स कडक झालेली असताना तर बोलायलाच नको. तुम्ही म्हणाल, मारता आलं पाहिजे. दोनशे यार्डांवरून ग्रीनवर चेंडू थांबवणं रोजच्या रोज ज्यांना जमतं, ते टीव्हीवर दिसतात.

त्यांचीच तुलना करू. पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिकांच्या स्पर्धांत, सरासरी ड्राइव्ह ३०० यार्डांच्या आसपास जातो आणि कोर्स ७,२०० ते ७,४०० यार्डांचे असतात. तुम्ही २०० मारून ६,३०० यार्डांचा कोर्स खेळता. त्याच प्रमाणात त्यांना खेळायला लावायचं तर कोर्स साडेनऊ हजार यार्डांचा लागेल, आणि तुमचं ते ३९० यार्डांचं पार-फोर त्यांच्यासाठी ५८५ यार्डांचं होईल. एवढ्या लांबीच्या होलला ते पार-फाइव्ह म्हणतात. तेव्हा शनिवारच्या सकाळी तुमचा फोरबॉल जे करतो, ते जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंना कोणी करायला सांगत नाही.

आकडे हवे असतील तर आहेत. २०११ मध्ये अमेरिकेत पीजीए ऑफ अमेरिका आणि यूएसजीए या दोन संस्थांनी मिळून 'टी इट फॉरवर्ड' नावाची मोहीम सुरू केली. तिची मूळ कल्पना बार्नी ॲडम्स यांची. ॲडम्स गोल्फ ही क्लब बनवणारी कंपनी त्यांनीच काढली होती. त्या मोहिमेत ड्राइव्हच्या अंतरावरून कोर्सची लांबी सुचवली होती: २५० यार्ड जात असेल तर ६,२०० ते ६,४००; २२५ ला ५,८०० ते ६,०००; २०० ला ५,२०० ते ५,४००; १७५ ला ४,४०० ते ४,६००; आणि १५० ला ३,५०० ते ३,७००. तुमचा ६,३०० चा कोर्स कोणाच्या रांगेत बसतो ते बघा. आणखी एक सोपा हिशोब आहे, तो मला जास्त आवडतो, कारण ड्राइव्हबद्दल माणूस जेवढं फुगवून सांगतो तेवढं पाच नंबरच्या आयर्नबद्दल सांगत नाही. पाच नंबर नेहमी किती जातं त्याला ३६ नं गुणा. १५० जात असेल तर ५,४०० यार्ड. पाच नंबर बॅगेतच नसेल, आजकाल अनेकांच्या नसतं, तर त्या जागी जो हायब्रिड ठेवलाय त्याचं अंतर घ्या.

कोर्सचं रेटिंग करायला येणारी मंडळीही हेच गृहीत धरतात. त्यांच्या व्याख्येतला बोगी गोल्फर, म्हणजे साधारण २० हँडिकॅपचा पुरुष, ड्राइव्ह २०० यार्ड मारतो आणि ३७० यार्डांचं होल दोन फटक्यांत गाठतो. स्क्रॅच गोल्फर, म्हणजे शून्य हँडिकॅपचा, २५० मारतो आणि ४७० गाठतो. तुम्ही बरोबर त्या पहिल्या माणसासारखे आहात. आता स्कोअरकार्ड काढा आणि पांढऱ्या टीवरून ३७० च्या वरची पार-फोर किती ते मोजा. ६,३०० च्या कोर्सवर ती निम्म्याच्या आसपास निघतात. म्हणजे खेळायला सुरुवात करण्याआधीच एवढ्या होलवर दोनात पोहोचण्याची शक्यता कागदावरच संपलेली असते. पार-थ्री बघायला विसरू नका. एखाद्या पार-थ्रीवर ड्रायव्हर काढावा लागत असेल तर पुढचं काही मोजायची गरजच नाही.

हँडिकॅपची भीती बऱ्याच जणांना असते: पुढून खेळलो तर स्कोअर कमी येतील, हँडिकॅप खोटा खाली येईल आणि मग मंथली मेडलला (क्लबच्या दर महिन्याच्या स्पर्धेला) मागून खेळताना मार खाऊ. २०२० पासूनच्या वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिममध्ये याची सोय करून ठेवलेली आहे. प्रत्येक टीला दोन आकडे असतात. कोर्स रेटिंग म्हणजे स्क्रॅच खेळाडूचा तिथला अपेक्षित स्कोअर. स्लोप म्हणजे सामान्य खेळाडूला ती टी स्क्रॅचच्या तुलनेत किती जास्त जड जाते त्याचं माप. तो ५५ ते १५५ असतो आणि ११३ हा प्रमाण धरतात. तुमचा कोर्स हँडिकॅप काढताना इंडेक्सला स्लोपनं गुणून ११३ नं भागतात आणि त्यात कोर्स रेटिंग वजा पार मिळवतात.

समजा पांढऱ्या टीचं रेटिंग ७०.२ आणि स्लोप १२६, पुढच्या टीचं रेटिंग ६६.६ आणि स्लोप ११६, पार ७२. तुमच्या १८ इंडेक्सवर पांढऱ्या टीला १८ स्ट्रोकची (फटक्यांची) सवलत मिळते आणि पुढच्या टीला फक्त १३. म्हणजे पुढे गेलात तर पाच स्ट्रोक आधीच कापले गेले. उलट बाजूनं बघा: पांढऱ्यावरून ९२ मारलेत तर त्या राउंडचं डिफरन्शियल, म्हणजे रेटिंग आणि स्लोप धरून काढलेला त्या स्कोअरचा आकडा, १९.६ येतं, पुढून ८७ मारलेत तर १९.९. सिस्टिमच्या नजरेत दोन्ही राउंड जवळपास सारखेच. तेव्हा हँडिकॅप खोटा होत नाही. पुढे गेल्यावर तुमचा स्कोअर पाचापेक्षा जास्त उतरला तर इंडेक्स खाली येईल, पण ते तुमचं आयर्न चांगलं आहे आणि आजवर ते वापरायला मिळत नव्हतं म्हणून.

हाच हिशोब मित्रांना दाखवा. फोरबॉलमध्ये पैज लावून खेळत असाल, आणि लावत असालच, तर पहिली कुरकुर अशी येते: "हा पुढून मारणार आणि वर स्ट्रोकही घेणार?" घेणार, पण पाच कमी घेणार. चौघांनी चार वेगळ्या टींवरून खेळलं तरी प्रत्येकानं आपापल्या टीचा कोर्स हँडिकॅप लावला की मॅच बरोबरीची होते. होलागणिक जिंकायचा मॅच प्ले असो की गुण मोजायचा स्टेबलफोर्ड, काही फरक पडत नाही. एकच अडचण येते. बऱ्याच क्लबांत लाल टीचं रेटिंग फक्त महिलांसाठी केलेलं असतं. रेटिंग पुरुष आणि महिलांसाठी वेगळं असतं, म्हणून पुरुषानं लाल टीवरून खेळलेला स्कोअर टाकायचा तर त्या टीचं पुरुषांचं रेटिंग लागतं. क्लबच्या ऑफिसात विचारा. नसेल तर हँडिकॅप कमिटीला लेखी कळवा. आमच्याकडे अशी मागणी दोन-चार ज्येष्ठ सदस्यांनी केली तेव्हाच काम हललं.

राहिलं चिडवणं. नियमांत पुरुषांची टी, बायकांची टी असा प्रकार नाही, तो लोकांनी पाडलेला आहे. २०२१ मध्ये झालेलं टोकियो ऑलिम्पिक आठवा. कासुमिगासेकीच्या एकाच कोर्सवर पुरुष सुमारे ७,४५० यार्ड खेळले आणि महिला सुमारे ६,६५०. आपली अदिती अशोक तिथे मैदानातल्या सर्वांत कमी अंतर मारणाऱ्या खेळाडूंपैकी एक होती, तरी चौथी आली आणि पदक एका स्ट्रोकनं हुकलं. ती पुरुषांच्या टीवरून खेळली नाही म्हणून कोणी नाक मुरडलं नाही. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल क्लबवर तर मुळात दोनच टी आहेत. एक मास्टर्स स्पर्धेची, साडेसात हजार यार्डांची, आणि एक सदस्यांची, साधारण ६,३६५ यार्डांची. तिथले सदस्य आपल्या टीवरून गुपचूप खेळतात. न्यूयॉर्कजवळच्या बेथपेज ब्लॅकवर पहिल्या टीजवळ पाटीच लावली आहे की हा कोर्स अत्यंत अवघड आहे, फक्त अतिशय कुशल खेळाडूंनीच इथे खेळावं अशी आमची शिफारस आहे. लोक त्या पाटीशेजारी उभं राहून हौसेनं फोटो काढतात आणि मग सहा तास झाडीत चेंडू शोधतात.

मित्रांशी वाद घालण्यापेक्षा एक करा. पुढचा एक राउंड चौघांनी मिळून पुढून खेळायचा असं ठरवा, नाश्त्याची पैज लावून. कुरकुर करत येतील. पण राउंड चार तासांत संपेल, उलट पुढच्या गटासाठी तुम्हालाच थांबावं लागेल आणि कोणाच्या तरी कार्डावर दोन-तीन बर्डी (पारपेक्षा एक कमी) दिसतील. त्यानंतर कोण कुठून खेळायचं म्हणतो ते पाहा.

आता दुसरी बाजू, कारण पुढची टी म्हणजे सोपी टी असं समजून जाल तर पहिल्याच राउंडला गोंधळ होईल. टी पुढे आली की खड्डे, पाणी, वळणं सगळी वेगळ्या अंतरावर येतात. पांढऱ्यावरून जो फेअरवे बंकर तुमच्यापासून २५० वर होता आणि म्हणून दिसतही नव्हता, तो आता १९५ वर येऊन बसतो, बरोबर तुमच्या ड्राइव्हच्या टप्प्यात. डॉगलेगवर, म्हणजे वळणाऱ्या होलवर, सरळ ड्राइव्ह पलीकडच्या झाडांत जातो. अशा ठिकाणी ड्रायव्हर बॅगेत ठेवा आणि हायब्रिडनं मारा. हा निर्णय पांढऱ्या टीवर तुम्हाला कधी घ्यावाच लागत नव्हता, कारण तिथून प्रत्येक होलवर जीव खाऊन ड्रायव्हर मारण्यावाचून इलाज नव्हता. माझ्या मते पुढे येण्याचा सर्वांत मोठा फायदा हाच: टीवर उभं राहून विचार करायला मिळतो. आणि अंतर कमी पडतंय या भीतीनं जी ओढून मारायची सवय लागते, ती हळूहळू सुटते. चोपन्नाव्या वर्षी कमरेला तेवढाच आराम.

एकच रंग धरून बसायचीही गरज नाही. अनेक क्लबांत आता मिश्र टीचं रेटिंग करून घेतात, काही होल पांढऱ्यावरून, काही पुढून. साध्या राउंडला तर तुम्ही स्वतःच ठरवू शकता: पार-थ्री आणि छोटी पार-फोर पांढऱ्यावरून, ३७० च्या वरची सगळी पुढून. ऋतूप्रमाणेही बदला. एप्रिलमध्ये चेंडू पळतो तेव्हा पांढऱ्यावरून खेळलात तर हरकत नाही. जून ते सप्टेंबर मात्र पुढेच राहा. पावसाळ्यात फेअरवेवर घरंगळणं शून्य, रफमधलं गवत घोट्याला लागतं, ग्रिप ओली. खारघरला किंवा घाटाच्या बाजूच्या कोणत्याही कोर्सवर श्रावणात खेळून बघा, तुमचे २०० तिथे १८० होतात. म्हणजे तोच कोर्स तुमच्यासाठी पाच-सहाशे यार्डांनी लांबला.

तुम्ही लिहिलंय की फोरबॉलमधला एक तरुण २६० मारतो आणि त्याचा हँडिकॅप २४ आहे. त्याला माझं हेच सूत्र नुसतं लावून सांगाल तर तो फसेल. आकड्यांच्या हिशोबानं तो मागून खेळायला मोकळा आहे, पण त्याचे २६० कधी डावीकडे जातात, कधी उजवीकडे. त्याचे स्ट्रोक अंतरामुळे जात नाहीत, हरवलेल्या चेंडूंमुळे जातात. दिल्ली गोल्फ क्लबच्या लोधी कोर्सवर दोन्ही बाजूंना इतकी दाट झाडी आहे की तिथे व्यावसायिक खेळाडूसुद्धा ड्रायव्हर बाहेर ठेवून येतात. आपल्या येरवड्याच्या कोर्सवरही झाडं काही कमी नाहीत. अशा माणसानं मधल्या टीवरून खेळावं आणि बऱ्याच होलवर ड्रायव्हरऐवजी चार नंबरचं हायब्रिड मारावं. दुसऱ्या शॉटला आठ नंबर हातात यायला त्याला तेवढं पुरतं. त्याला खरंच शिकायचं असेल तर महिन्यातून एकदा सर्वांत मागच्या टीवरून एकट्यानं खेळायलाही हरकत नाही, लांब आयर्नचा सराव होतो. फक्त रविवारी सकाळी मागे चार फोरबॉल अडकलेले असताना नको.

पत्नीच्या बाबतीत मात्र लाल टी म्हटलं की प्रश्न सुटला असं समजू नका. खरं तर तुमच्यापेक्षा तिच्यावर जास्त अन्याय होतोय. आपल्याकडच्या अनेक कोर्सवर लाल टी पाच हजार यार्डांच्या पुढे असतात. रेटिंगच्या व्याख्येतली बोगी गोल्फर महिला, म्हणजे साधारण २४ हँडिकॅपची, ड्राइव्ह १५० यार्ड मारते आणि २८० यार्डांचं होल दोनात गाठते. तिला ५,४०० यार्डांच्या लाल टीवर उभं केलं तर ते तुम्हाला ७,२०० यार्डांवर उभं करण्यासारखं झालं. आणि ही २४ हँडिकॅपची खेळाडू, नुकती शिकणारी नव्हे. ॲलिस डाय या अमेरिकन कोर्स रचनाकार कित्येक वर्षं हेच सांगत होत्या की महिलांसाठी एकच टी पुरत नाही, छोटा फटका असणाऱ्यांसाठी आणखी पुढे एक टी हवी. त्यांचं ऐकून बऱ्याच कोर्सनी टी पुढे आणल्या. आपल्याकडे ते अजून फारसं पोहोचलेलं नाही.

म्हणून सुरुवातीचे काही महिने तिनं टीवरून खेळूच नये. मी नवशिक्यांना पार-फोर आणि पार-फाइव्हवर १५० यार्डांच्या खुणेपासून सुरुवात करायला लावतो, आणि अगदीच नवीन असतील तर १०० पासून. अमेरिकेत 'ऑपरेशन ३६' नावाचा शिकवण्याचा कार्यक्रम आहे. त्यात तर ग्रीनपासून अवघ्या २५ यार्डांवरून सुरू करतात. नऊ होलमध्ये ३६ किंवा त्याहून कमी स्कोअर आला की मगच ५० वर, मग १०० वर, असं मागे सरकायचं. मला ही पद्धत पटते, कारण माणूस पहिल्या दिवसापासून पार कसा असतो ते अनुभवतो आणि चिप-पट आपोआप पक्के होतात. ती तुमच्याबरोबर शनिवारी आली तर तुम्ही तुमच्या टीवरून मारा, चालत पुढे जा, तिनं खुणेजवळ चेंडू ठेवून मारावा. मागच्या लोकांचा वेळ जात नाही आणि ती दमून वैतागतही नाही. तिचा ड्राइव्ह १४०-१५० ला स्थिर झाला की मग लाल टी, तीही आधी फक्त छोट्या होलवर.

आता काही बारीक गोष्टी. वेगवेगळ्या टींवरून खेळताना साध्या राउंडमध्ये मागच्या टीवाल्यांनी आधी मारावं, तेच सुरक्षित. ते मारत असताना पुढे आपल्या टीवर जाऊन उभं राहू नका, घाईत हे फार होतं. टीइंग एरिया म्हणजे दोन मार्करच्या रेषेपासून मागे दोन क्लबलांबीचा आयत. चेंडू त्या आयतात हवा, तुम्ही बाहेर उभे राहिलात तरी चालतं. मार्करच्या रेषेला नाक लावून खेळायची काहीच गरज नाही, मागच्या बाजूला सपाट, गवत शाबूत असलेली जागा बघा. मार्कर मध्ये येतोय म्हणून मारण्याआधी तो हलवू नका. सवयीनं तुम्ही पांढऱ्या मार्करकडे चालत जाल आणि स्पर्धा दुसऱ्या टीवरून असेल, तर तो टीइंग एरियाबाहेरून मारलेला फटका धरतात. स्ट्रोक प्लेमध्ये दोन स्ट्रोकचा दंड, आणि बरोबर ठिकाणाहून पुन्हा मारावं लागतं. मंथली मेडल आणि क्लबच्या इतर स्पर्धांना टी कमिटी ठरवते, तिथे तुमची निवड चालत नाही. मेडलच्या आधीचा एखादा राउंड पांढऱ्यावरून खेळून घ्या म्हणजे अंतरं डोळ्यांत बसतील.

आणि ॲपमध्ये स्कोअर टाकताना टी बदलायला विसरू नका. बहुतेक ॲप मागच्या वेळची टीच दाखवतं. पुढून मारलेला ८५ पांढऱ्या टीच्या नावावर चढला तर डिफरन्शियलमध्ये उगाच साडेचार अंकांनी चांगला दिसणारा राउंड नोंदला जाईल, आणि मग मेडलच्या दिवशी स्ट्रोक मागायला तोंड उरणार नाही. चुकून चढलाच तर लगेच ऑफिसात सांगून दुरुस्त करून घ्या.